दिवाळीच्या सुट्टीत मुलांच्या हातून ताज्या फळांचा साधा केक : कोणते फळ घ्यावे?

रंकाळाकाठी (प्रश्न)

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत भावाची आणि नणंदेची मुले आमच्याकडे कोल्हापूरला राहावयास येणार आहेत. माझी मुलगी धरून चार मुले होतील. धाकटा पाच वर्षांचा आहे, तर थोरली अकरा वर्षांची. सकाळी अंगणात किल्ल्याचे काम चालेल, पण दुपारच्या उन्हात त्यांना घरात गुंतवून ठेवण्यासाठी एखादा साधा फळांचा केक त्यांच्याच हातून करून घ्यावा, असा विचार आहे.

नाताळात मिळतो तो सुकामेवा मुरवून केलेला केक मला नको आहे. सध्या कपिलतीर्थ मंडईत सीताफळे, पेरू, सफरचंदे आणि डाळिंबे यांची रेलचेल आहे, तेव्हा हीच फळे वापरावीत असे वाटते. मुलांचा कौल अर्थातच सीताफळाला आहे. घरात लहान ओव्हन आहे. सासूबाई अंडे खात नाहीत, त्यामुळे केक बिनअंड्याचा हवा; शिवाय साखरेऐवजी गूळ आणि निम्मी तरी कणीक वापरता आली तर अधिक बरे.

सीताफळाचा गर मिश्रणात घालून भाजला तर चालतो का? फळांचे तुकडे तळाशी बसू नयेत म्हणून काय करावे? आणि चार वयांच्या चार मुलांना कामे कशी वाटून द्यावीत, म्हणजे एकाने करायचे आणि तिघांनी भांडायचे असे होणार नाही? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

भट्टीशेजारी

ताई, सीताफळ मिश्रणात मुळीच घालू नका. त्याचा गर तापवला की कडवट होतो, आणि तो कडवटपणा गूळ किंवा वेलदोडा घालून झाकला जात नाही. सीताफळाच्या बासुंदीतसुद्धा गर दूध आटवून पूर्ण गार झाल्यावरच घालतात, त्याचे कारण हेच. मुलांचा आग्रह मोडायचा नसेल, तर गर काढून, बिया वेगळ्या करून तो फ्रीजमध्ये ठेवा आणि घट्ट सायीत किंवा चक्क्यात कालवून गार केकच्या कापावर वाढा. बिया काढण्याचे काम मात्र स्वतःच्या देखरेखीखाली करून घ्या. सीताफळाची बी विषारी असते. अख्खी गिळली गेली तर सहसा तशीच बाहेर पडते, परंतु चावून फोडलेली किंवा मिक्सरमध्ये फिरलेली बी पोटात जाता कामा नये, आणि तिचा चुरा डोळ्यांना तर फारच घातक असतो.

डाळिंबाचे दाणे भाजल्यावर आक्रसतात व आतली बी तेवढी दाताखाली येते, म्हणून तेही वरून पेरण्यापुरतेच ठेवावेत. पेरूचा वास सुंदर उतरतो, पण बियांमुळे तो शिजवून चाळणीतून गाळावा लागतो आणि एवढ्या खटपटीत मुलांचा उत्साह मावळतो. तुमच्या कामासाठी सफरचंदच योग्य ठरेल. काश्मीर आणि हिमाचलचा माल या दिवसांत भरपूर येत असल्याने निवडीला वाव असतो. दाबल्यावर कडक लागणारे, चवीला किंचित आंबट असे सफरचंद घ्या. जे पिठूळ झाले आहे ते भाजताना विरघळून मिश्रण ओले करते. सोबत एक चांगले पिकलेले, सालीवर काळे ठिपके पडलेले केळे कुस्करून घातले, तर अंड्याने जो ओलावा आणि जी बांधणी येते तिची बरीचशी भरपाई होते.

तुकडे तळाशी बसण्याविषयी म्हणाल, तर फळ पिठात घोळवून घेण्याचा उपाय सर्वजण सांगतात आणि त्याने थोडा फरक पडतोही. पण तुकडे बसण्याचे खरे कारण बहुतेक वेळा पातळ मिश्रण आणि मोठे तुकडे हे असते. मिश्रण चमच्यावरून धारेने न पडता जाडसर पडले पाहिजे आणि तुकडे हरभऱ्याहून फार मोठे नसावेत. चिरलेल्या सफरचंदाला लिंबाचा रस लावून ठेवला, म्हणजे ते काळे पडत नाही. मिश्रणात घालण्यापूर्वी सुटलेले पाणी मात्र निथळून टाका.

काकवीप्रेमी

गुळाविषयी लिहितो. बाजारातला पिवळाधमक गूळ दिसायला देखणा असला, तरी तो बहुधा रासायनिक पावडर घालून उजळवलेला असतो. केकसाठी गडद तपकिरी गूळच घ्यावा, कारण रंग आणि खमंगपणा त्यातूनच येतो. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण त्या नावाखाली इतर ठिकाणचा गूळही विकला जातो, तेव्हा ओळखीच्या दुकानातून किंवा थेट गुऱ्हाळावरून घेतलेला बरा. गुऱ्हाळे सुरू झाली असतील तर गुळापेक्षा काकवी आणा. ती मुळातच पातळ असल्याने फोडणे, विरघळवणे, गाळणे हे सारे वाचते आणि केक दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. काकवी घेतली, तर खालच्या प्रमाणातले पाणी जवळजवळ पूर्ण वगळावे.

सात इंची गोल भांड्यासाठी माझे प्रमाण असे आहे : कणीक 100 ग्रॅम, मैदा 100 ग्रॅम, चिरलेला गूळ 130 ग्रॅम, गूळ विरघळवण्यासाठी कोमट पाणी 60 मिलिलिटर, फार आंबट नसलेले घट्ट दही 150 ग्रॅम, वितळवून गार केलेले लोणी किंवा बिनवासाचे तेल 80 मिलिलिटर, बेकिंग पावडर एक सपाट चहाचा चमचा, खाण्याचा सोडा अर्धा चमचा, दालचिनीची पूड अर्धा चमचा, चिमूटभर मीठ आणि सोलून चिरलेली साधारण दोन सफरचंदे. केळे घालणार असाल तर दही 100 ग्रॅमवर आणा. सांगली-तासगावकडचे मूठभर बेदाणे मोसंबीच्या रसात तासभर भिजवून घातले, तर फारच छान लागतात.

गूळ पाण्यात विरघळला की तो गाळून घ्या, कारण त्यात चिपाडाचे तुसडे आणि कधी बारीक खडेही निघतात. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय तो दह्यात ओतू नका, नाहीतर दही फुटते. सोडा दह्याच्या आणि गुळाच्या आंबटपणाशी लगेच क्रिया करून वायू सोडू लागतो, म्हणून ओले आणि कोरडे एकत्र केल्यावर मिश्रण दहा मिनिटांच्या आत ओव्हनमध्ये गेले पाहिजे. ओव्हन आधी 175 अंशांवर तापवून ठेवावा. वेळ साधारण चाळीस ते पन्नास मिनिटे लागतो, पण लहान ओव्हनचा काटा क्वचितच खरे बोलतो. पस्तीस मिनिटांनंतर लक्ष ठेवा आणि वरचा भाग लवकर काळवंडू लागला तर त्यावर फॉइल ठेवा.

शाळेतल्या बाई

प्राथमिक वर्गावर बराच काळ शिकवल्यामुळे कामांच्या वाटणीविषयी दोन शब्द लिहिण्याचे धाडस करते.

पाच वर्षांच्या मुलाला 'मदत कर' असे म्हटले की तो गोंधळतो, मात्र स्वतःचे असे एक भांडे दिले की रमतो. त्याला भांड्याला लोणी लावण्याचे काम द्यावे. कागदाच्या बोळ्याने तळ, मग कडा, मग तळ आणि कड जिथे मिळतात तो कोपरा, असे तो अत्यंत गांभीर्याने करतो, आणि नंतर त्यावर चमचाभर पीठ घालून भांडे फिरवत थापटले, की कोरडी राहिलेली जागा त्याची त्यालाच दिसते, कारण तेथे पीठ चिकटत नाही. केळे कुस्करणे हेही त्याचेच काम. सात-आठ वर्षांच्या मुलाकडे वजनकाटा द्यावा. काट्यावर रिकामे भांडे ठेवून शून्य कसे करायचे आणि मग 100 येईपर्यंत कणीक चमच्याचमच्याने कशी टाकायची, हे कळले की तो आकडा ओलांडू नये म्हणून श्वास रोखून धरतो, आणि हा अंकगणिताचा तास आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही. तिसऱ्याला चाळणी आणि गूळ गाळण्याचे काम द्यावे. अकरा वर्षांच्या मुलीने सफरचंदे चिरावीत. मात्र फळाचे आधी उभे दोन भाग मोठ्यांनी करून द्यावेत, म्हणजे सपाट बाजू पाटावर टेकून फळ घरंगळत नाही.

ढवळण्यावरून हमखास भांडण होते, आणि केकही तेथेच बिघडतो. ओले-कोरडे एकत्र झाल्यावर जितके जास्त घोटावे, तितका पिठातला चिकटपणा वाढून केक चिवट होतो. म्हणून प्रत्येकाला ठरावीक पाचच वेळा कालथा फिरवू द्यावा आणि कोरडे पीठ दिसेनासे झाले की थांबावे. थोड्या गुठळ्या राहिल्या तरी चालतात.

एक गोष्ट आग्रहाने सांगते. किल्ल्याची माती नखांत बसलेली असते, तेव्हा हात साबणाने आणि नखांच्या ब्रशने धुतल्याखेरीज कोणालाही स्वयंपाकघरात घेऊ नये.

भट्टीशेजारी

बाईंच्या म्हणण्याला पुस्ती जोडतो. अंडे नाही म्हणून कच्चे मिश्रण चाटायला हरकत नाही, असा समज सर्वत्र आहे, पण कणीक आणि मैदा हीसुद्धा कच्ची पिठेच असून त्यांतही रोगजंतू असू शकतात. मुलांना भांडे चाटायचेच असेल, तर सीताफळाच्या सायीचे द्यावे; त्यांना तेच अधिक आवडेल.

रंकाळाकाठी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काकवीची कल्पना सासूबाईंनाही पसंत पडली आहे. आणखी दोन शंका आहेत. ऐन वेळी वीज गेली तर काय करावे? आणि सफरचंदाचे तुकडे असलेल्या केकमध्ये सुई घालून पाहिली तर ती ओलीच निघते असे ऐकले आहे. मग केक झाला हे कसे ओळखावे?

मंगळवारपेठकर

वीज गेली तर जाड बुडाची मोठी कढई घ्या. तळाशी बोटभर मीठ किंवा धुऊन वाळवलेली वाळू पसरा, त्यावर तिवई ठेवा, घट्ट झाकण लावून दहा मिनिटे तापवा आणि मग केकचे भांडे आत ठेवून मंद ते मध्यम आचेवर तासाभराच्या अंदाजाने भाजा. अनेक घरांत यासाठी शिट्टी आणि रबरी रिंग काढून कुकर वापरतात, पण माझा त्याला विरोध आहे. पाण्याशिवाय तापवल्याने कुकर खराब होतो आणि रोजच्या वरणभाताचे भांडे यासाठी पणाला लावण्याचे कारण नाही. कढईत वरून उष्णता मिळत नसल्याने केकला वर तांबूस रंग येणार नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

याहून चांगली सोय गल्लीतल्या बेकरीची. दिवाळीत आपण नानकटाईची ताटे भट्टीवर भाजायला नेतोच, त्याच फेरीत केकचे भांडेही न्यावे. पावासाठी पेटवलेली भट्टी केकला फार कडक पडते. नानकटाई भाजतात ती उतरती आच केकला मानवते, तेव्हा वेळ आधी विचारून घ्यावी आणि सोडा घरून निघताना नव्हे, तर तेथे पोहोचल्यावरच मिश्रणात घालावा. मुलांना भट्टीचे तोंड आणि तो लांब दांड्याचा फावडा पाहायला मिळतो, हा भाग वेगळा. मला तर वीज असतानाही हाच मार्ग आवडतो.

सुईबद्दल ऐकलेले बरोबर आहे. सुई फळात शिरली तर ओली निघणारच. ती बोटांत धरून पाहा : नुसता पाणचट रस असेल तर हरकत नाही, पीठ चिकटले असेल तर अजून वेळ द्या. दोन-तीन ठिकाणी टोचून पाहावे. शिवाय मध्यभागी बोटाने हलके दाबल्यावर खळगा भरून वर आला आणि कडा भांड्यापासून सुटू लागल्या, म्हणजे केक झाला.

काकवीप्रेमी

बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे भांड्यातच राहू द्या, मग जाळीवर उपडा करा. गुळाचा केक गरम असताना कापला तर चुरा होतो आणि आत कच्चा असल्यासारखा भासतो, म्हणून किमान दोन तास तरी सुरी लावू नका. मुले तेवढे थांबणार नाहीत, हे उघड आहे. तेव्हा थोडे मिश्रण दोन-तीन लहान वाट्यांत वेगळे भाजून त्यांच्या हाती द्यावे. त्या वाट्या वीस-पंचवीस मिनिटांत होतात. ताजे फळ असल्याने हा केक ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात एका दिवसापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. फ्रीजमध्ये तीन दिवस चांगला राहतो. सीताफळाची साय मात्र त्याच दिवशी संपवावी.