झिको: कोच म्हणून खरंच फसला?

'खेळाडू म्हणून देव, कोच म्हणून सुमार' हे ब्राझीलचा फुटबॉलपटू झिको याच्याबद्दलचं तुमचं मत अर्धंच पटलं. २००४चा आशिया कप जपानने त्याच्याच हाताखाली जिंकला. फेनरबाचेला २००६-०७ची तुर्की लीग जिंकून दिली, पुढच्या मोसमात चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत नेलं. तिथे दोन सामन्यांपैकी पहिल्यात चेल्सीला हरवलंही होतं! (मग दुसऱ्यात लंडनला गाडी अडली.)

आता त्याची दुखरी नस. २००६च्या वर्ल्डकपमध्ये जपान ऑस्ट्रेलियाविरुद्ध ८४व्या मिनिटापर्यंत १-० पुढे, आणि शेवटी ३-१ने हार. नऊ वर्षांनी तो एफसी गोवाचा कोच, फातोर्ड्यात आयएसएलची (इंडियन सुपर लीग) फायनल: जोफ्रेच्या ८७व्या मिनिटाच्या गोलने गोवा २-१ पुढे. मग गोव्याचा गोलकीपर कट्टीमनीचा स्वयंगोल, लगेच मेंडोझाचा गोल, चेन्नईयिन चॅम्पियन. घरच्या मैदानावर, हातातोंडाशी आलेला घास! आघाडी टिकवायची म्हणून संघ आवळून घेणं त्याला कधी जमलंच नाही, असं आपलं माझं मत. २०१६ला तर गोवा तळाला गेला, त्यावर न बोललेलंच बरं.

पण जपानी क्लब काशिमाचं काय? १९९१ला झिको तिथे खेळाडू म्हणून गेला तेव्हा काशिमा हा दुसऱ्या डिव्हिजनमधला कंपनीचा संघ होता. १९९३ला जपानची जे-लीग सुरू झाली, तेव्हा काशिमाच्या पहिल्याच सामन्यात चाळिशीतल्या या बाबाने हॅटट्रिक ठोकली.