पाळकाची एकांत प्रार्थना संदेशाची तयारी होऊन बसते, काय करावं?

बावडेकर_वाचक
सलाम सर्वांना. रविवारची उपासना, बुधवारी बायबल अभ्यास, शुक्रवारी उपास-प्रार्थना, शिवाय गृहभेटी आणि सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यातल्या रुग्णांना भेटणं, एवढं एकट्यानं ओढणाऱ्या पाळकाबद्दल, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूबद्दल, विचारतोय. पहाटे पवित्र शास्त्र उघडलं की दुसऱ्याच वचनाला रविवारच्या संदेशाचा, म्हणजे प्रवचनाचा, मुद्दा सुचतो, हात पेनाकडे जातो आणि एकांत तिथंच मोडतो. तासभर गुडघ्यावर राहूनही विसावा नाही. वेळ वाढवावा का? पाळकघर लहान आहे, पुढच्या खोलीत सातपासून माणसं. नेमकी रीत सांगा. "प्रभूवर भार टाका" हे आम्हीच इतरांना सांगत असतो.

जुना_पंच
वेळ वाढवू नका, उलट कमी करा. तास ठरवला की त्यातली चाळीस मिनिटं कामानंच भरतात. पंचवीस मिनिटं पुरेत, पण रोज त्याच वेळेला.

पहिली गोष्ट, पवित्र शास्त्राची प्रत बदला. व्यासपीठावर नेता त्या प्रतीत समासात खुणा असतात, जुन्या संदेशांच्या तारखा असतात. ती उघडली की डोकं कामाला जुंपलंच. एकांतासाठी कोरी प्रत ठेवा, जमलं तर दुसरं भाषांतर. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं, १९२४ साली छापून झालेलं भाषांतर मिळालं तर बघा. पाठ झालेली वचनं तिथं निराळ्या शब्दांत भेटतात, त्यामुळे नजर घसरत पुढं जात नाही.

दुसरी, उतारा चालू संदेशमालेतला नको. स्तोत्रसंहिता घ्या, पण रोज पाच स्तोत्रं वाचून महिन्यात दीडशे संपवायची शर्यत थकलेल्या माणसानं लावू नये. एकच स्तोत्र आठवडाभर. १३१वं घ्या, तीनच वचनं आहेत. सोमवारी त्यातून तीन मुद्दे निघतील, मंगळवारी एखादं उदाहरण सुचेल. बुधवारपर्यंत मुद्दे आटतात, आणि खरं वाचन तिथून पुढं सुरू होतं. त्यातलं आईजवळचं मूल दूध तुटलेलं आहे, हे बघा. अंगावर पिणारं मूल आईजवळ आलं की दुधासाठी धडपडतं, हे नुसतं टेकून बसलंय. पुढाऱ्याला देवाजवळ काही न मागता बसणं सगळ्यात अवघड जातं, कारण त्याचं येणंजाणं कायम कुणाच्या तरी मागण्या घेऊनच असतं.

तिसरी, शेजारी एक चिठ्ठी ठेवा, वही नको. "माईकची बॅटरी आणणे" असलं आठवलं की लिहून मोकळं व्हायचं. संदेशाचा मुद्दा मात्र लिहायचा नाही. जड जातं, मान्य आहे. पण जो मुद्दा गुरुवारपर्यंत टिकत नाही, तो रविवारी तरी काय टिकणार?

चौथी, तोंडची भाषा. "हे कृपाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणी" असं सुरू झालं की समजा मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, डोळ्यांपुढं आली. "आम्ही" सोडा, "मी" म्हणा. घरात बोलता तसंच बोला. "देवा, लई दमलोय" ही पुरी प्रार्थना आहे, तिला शेपूट लावायची गरज नाही.

मध्यस्थीची, म्हणजे ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची, नावं या पंचवीस मिनिटांत घेऊ नका. सत्तर घरं असतील तर सहा दिवसांत वाटा, रोज बाराएक येतात. ती यादी गृहभेटीला जाताना चालता चालता घ्यावी.

पाळकीणबाई_गडहिंग्लज
पंचदादांनी प्रतीचं बरोबर सांगितलं. मी जागेचं आणि शरीराचं सांगते. मत्तय ६:६ मध्ये, खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना कर असं येशू म्हणतो तिथं, आपण "खोली" वाचतो, तिथला मूळ ग्रीक शब्द घरातल्या आतल्या, ठेवणीच्या खोलीसाठीही वापरतात. म्हणजे धान्याच्या डब्यांशेजारी बसलात तरी चालतं. पुढची खोली नको, तिथल्या खुर्चीवर बसलं की कान दाराकडेच लागतात. आतल्या खोलीत भिंतीला पाठ टेकून बसा. गुडघे दुखत असतील तर पंधरा मिनिटं गुडघ्यांचीच प्रार्थना होते. मोबाईल दुसऱ्या खोलीत, नुसता सायलेंट करून भागत नाही. वेळ बघायला साधं घड्याळ घ्या, मोबाईलचा गजर लावला की मोबाईल आत आलाच.

डुलकी लागत असेल तर पाप समजून स्वतःला झोडू नका, झोप कमी पडतेय. १ राजे १९ काढा. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडलाय. देवदूत त्याला बोध करत नाही, निखाऱ्यांवरची भाकर आणि पाण्याचं भांडं देतो. तो खातो, परत झोपतो, परत उठवून खायला घालतात. होरेब डोंगरावरचा देवाचा तो मंद आवाज त्यानंतर चाळीस दिवसांनी. रात्री अकराला प्रार्थनासभेहून येऊन पहाटे चारला उठायचं, हा क्रम कुणाच्याच अंगाला मानवत नाही. सभा साडेनऊला संपवा.

आणि एक. पाळकांना एकांत मिळावा म्हणून चहा, दार, फोन सांभाळणाऱ्या बाईला स्वतःचा एकांत कधी मिळतो? तिचीही पंचवीस मिनिटं ठरवा, तेवढा वेळ दार पाळकांनी बघावं.

उपासना_संगीत_प्रेमी
शब्द सुचेनासे झाले की गा. ना. वा. टिळकांचे अभंग एकट्यानं, हळू, पेटीशिवाय. एकच कडवं चार-पाच वेळा. चाल नीट बसवायला लागलात तर थांबा, ती रविवारची तालीम झाली.

मिरज_रस्ता
वरचं सगळं चांगलंय, पण मुळाला हात घातलेला नाही. आठवड्यात जागाच नसेल तर पंचवीस मिनिटं किती दिवस टिकणार? निर्गम १८ मध्ये इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, प्रार्थना वाढव म्हणत नाही, हजार, शंभर, पन्नास आणि दहा-दहांवर माणसं नेम म्हणतो. तेव्हा हे पंचांपुढं, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांपुढं, ठेवा, लेखी. सोमवार पाळकांचा. त्या दिवशी एक पंच फोन घेईल. मयत किंवा दवाखान्यातला गंभीर रुग्ण, एवढ्यासाठीच पाळकांना उठवायचं, आणि सोमवार बुडाला तर त्याच आठवड्यात बदली दिवस. "बघू पुढं" म्हटलं की गेला.

बदली दिवसाला आधार मार्क ६ मध्येच आहे. एकांती चला, थोडा विसावा घ्या, असं येशू शिष्यांना म्हणतो खरा, पण लोक पायी धावत त्यांच्या आधी तिथं पोहोचतात. विसाव्याचा बेत फसतो. तो शिकवतो, जेवू घालतो. मग मात्र शिष्यांना होडीत बसवतो, लोकांना निरोप देतो आणि डोंगरावर प्रार्थनेला जातो. बेत पुढं ढकलला, सोडला नाही.

महिन्यातून एकदा अर्धा दिवस पन्हाळा. कोल्हापूरहून वीसेक किलोमीटर. शनिवार-रविवार गर्दी, मधला वार बघा. सकाळी नऊ ते एक. पहिला तास नुसतं चालायचं, पवित्र शास्त्र पिशवीतच. चढून गेल्या गेल्या वाचायला बसलात तर शहरातला वेग तसाच वर येतो. सोबत पाणी आणि डबा. सहकारी पाळक नको, गप्पा मंडळीवरच येतात.

बावडेकर_वाचक
आभारी आहे. प्रत आणि "मी"चं आजपासूनच. सोमवारचं पंचांच्या बैठकीत मांडायला सांगतो. एक राहिलं: हे सगळं करूनही महिनाभर कोरडंच गेलं तर?

पाळकीणबाई_गडहिंग्लज
स्तोत्र १३ वर या, सहा वचनं. "किती काळ" हे त्यात पुन्हा पुन्हा येतं, ते तसंच म्हणा, शेवटच्या वचनाकडे घाईनं पळू नका. तेवढ्यानं न भागलं तर ८८वं. ते अंधारातच संपतं आणि तरी पवित्र शास्त्रात आहे. पण दोन आठवड्यांवर झोप मोडत असेल, जेवण जात नसेल, माणसं नकोशी वाटत असतील, तर त्याला नुसता कोरडेपणा समजू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि तोवरच्या रविवारी संदेश दुसऱ्या कुणाला द्यायचा, तेही त्याच बैठकीत ठरवून टाका.