स्टँडिश लॉडर यांचे पुस्तक आणि त्यांचे लघुपट

प्रश्न
वस्तू भौमितिक आकारांत मोडून दाखवणाऱ्या घनवाद (क्युबिझम) या चित्रशैलीविषयी वाचत असताना स्टँडिश लॉडर (१९३६–२०१४) या अमेरिकन कलेतिहासकाराचे ‘द क्युबिस्ट सिनेमा’ (१९७५) हे पुस्तक हाती आले. त्यांचा ‘नेक्रॉलॉजी’ (१९७०) हा सुमारे बारा मिनिटांचा लघुपट मात्र पाहून मी गोंधळलो. सरकत्या जिन्यावरची माणसे आपल्याकडे तोंड करूनच वर वर जातात, अंधारात नाहीशी होतात आणि शेवटी लांबलचक श्रेयनामावली येते. इतक्या काटेकोर संशोधकाने हे कशासाठी केले असावे? या दोन कामांचा एकमेकांशी संबंध आहे काय?

प्रतिसाद १
न्यूयॉर्कमध्ये कामावरून परतणारी गर्दी जिन्यावरून खाली येत असताना लॉडर यांनी ती टिपली आणि फीत उलटी दाखवली. नेक्रॉलॉजी म्हणजे मृतांची यादी. शेवटच्या नामावलीत या अनोळखी माणसांना कल्पित भूमिका दिल्या आहेत आणि त्यांत विनोदही आहे; पण ज्यांचे चेहरे आपण क्षणभरच पाहिले, त्यांना ओळख मिळते ती ते निघून गेल्यावर, ही जाणीव हसू ओसरल्यानंतर बराच वेळ मन सोडत नाही.

प्रतिसाद २
आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला त्यांच्या पुस्तकातच सापडते. घनवादी चित्रकार फर्नां लेजे यांच्या ‘बाले मेकानिक’ (१९२४) या चित्रपटाचे लॉडर यांनी दृश्यागणिक विश्लेषण केले आहे. त्या चित्रपटात खांद्यावर ओझे घेतलेली एक बाई दगडी पायऱ्या चढून वर येते न येते, तोच पुन्हा खाली दिसते आणि तोच तुकडा इतक्या वेळा येतो की तिचे चढणे हे एखाद्या यंत्राच्या दट्ट्याच्या हालचालीसारखे भासू लागते. आता ‘रनअवे’ (१९६९) पाहा. जुन्या व्यंगचित्रपटातील काही सेकंदांचा तुकडा घेऊन लॉडर यांनी त्यातल्या कुत्र्यांना एकाच जागी मागेपुढे धावायला लावले आहे. अशी पुनरावृत्ती साधण्यासाठी फीत चौकटीगणिक हाताळावी लागते आणि त्यासाठी त्यांनी ऑप्टिकल प्रिंटरही (फितीची एकेक चौकट नव्या फितीवर पुन्हा टिपणारे यंत्र) घरीच तयार केला होता. म्हणूनच त्यांचे विश्लेषण मला लांबून पाहणाऱ्याचे वाटत नाही; लेजे यांच्या चित्रपटातील प्रत्येक जोड कशी बसवली असेल, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. त्या बाईचा जिना माझ्या ध्यानात आला नव्हता. आज ‘बाले मेकानिक’ आधी पाहीन आणि त्यानंतर लगेच ‘नेक्रॉलॉजी’ पुन्हा पाहीन.