शब्दचर्चा: जनसंपर्क, समाजमाध्यम आणि आमचं ‘डिजिटल’

रंकाळ्याची हवा:
कोल्हापुरात तासिका तत्त्वावर पत्रकारिता शिकवते. यंदा ‘सोशल मीडिया आणि पब्लिक रिलेशन्स’ हा पेपर माझ्या वाट्याला आलाय. अभ्यासक्रम इंग्रजीत, वर्ग मराठीत, उत्तरपत्रिका दोन्हींची भेळ.

पहिल्या तासाला विचारलं, जनसंपर्क म्हणजे काय? मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘मॅडम, आमच्या गल्लीत आहे की. सकाळी धा ते एक चालू असतंय.’ वर्ग हसला, मीही हसले. घरी जाताना केएमटी बसच्या खिडकीतून तसल्या तीन पाट्या दिसल्या तेव्हा कळलं, पोरगं काही चुकलं नव्हतं. नगरसेवकाच्या, आमदाराच्या दारावर ‘जनसंपर्क कार्यालय’ असतं. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, आत लेटरपॅड. लोक उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डातलं नाव, दवाखान्याचं बिल घेऊन येतात. म्हणजे बोली मराठीत जनसंपर्क हे एक ठिकाण आहे, आणि लोकांनी तिथं जायचं असतं. पुस्तकातला जनसंपर्क नेमका उलटा चालतो, तिथं संस्था लोकांकडे जाते.

दुसरी पंचाईत ‘समाजमाध्यम’ची. चाचणीत एका मुलीनं लिहिलं: ‘समाजमाध्यम म्हणजे एखाद्या समाजाचा ग्रुप किंवा मुखपत्र, उदा. वधू-वर मेळाव्याची माहिती देणारे.’ पाच गुणांचा प्रश्न होता. काय द्यावं? आणि या दोन्हींना दुसरे शब्द आहेत का?

दोन टिंबं:
आधी ‘संपर्क’. धातू पृच्, अर्थ मिसळणे, जोडणे. शाळेत विज्ञानात ‘संपृक्त द्रावण’ शिकलो ते याच धातूचं. साखर विरघळते आहे तोवर द्रावण असंपृक्त. म्हणजे संपर्क हा शब्द नुसत्या फोनाफोनीपेक्षा खोल आहे, आपण त्याला ‘संपर्क क्रमांक’ लिहून उथळ केलं. करोनात ‘बाधिताच्या संपर्कात आलेले’ असं रोज वाचायचो, तिथं मूळ अर्थाची धार परत आली होती.

इंग्रजीत मात्र ‘रिलेशन्स’ आहे, म्हणजे संबंध. मग ‘लोकसंबंध’ का नाही? कारण ‘संबंध’ची संगत बिघडलीय. हितसंबंध, आर्थिक संबंध, अनैतिक संबंध. पेपरात हा शब्द दिसला की पुढच्या ओळीत पोलीस ठाण्याचं नाव असतं. ‘मी लोकसंबंध अधिकारी’ असं कोण सांगेल सोयरिकीला?

‘सामाजिक माध्यम’ मला खटकतं. आपल्याकडे सामाजिक म्हणजे समाजाचं भलं करणारं. सामाजिक कार्यकर्ता, सामाजिक संस्था. रात्री दोन वाजता शिव्या देणारं माध्यम सामाजिक कसं? त्यामानानं ‘समाजमाध्यम’ बरं. पण समाज म्हणजे जात हा अर्थ इथं इतका रुजलाय (‘आमच्या समाजाचा मेळावा’) की त्या मुलीला शून्य देणं अन्याय होईल.

जुना कारकून:
मॅडम, आमची उमर माहिती खात्यात गेली, म्हणून थोडं लांबण लावतो. मुंबईत खात्याचं नाव ‘माहिती व जनसंपर्क महासंचालनालय’. ‘लोकराज्य’ काढतात ते. जिल्ह्यात आलं की तेच ‘जिल्हा माहिती कार्यालय’ होतं, जनसंपर्क गळून पडतो. पुढं २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा आला आणि प्रत्येक कचेरीत ‘जन माहिती अधिकारी’ अशी पाटी लागली. आता बघा: जिल्हा माहिती अधिकारी, जन माहिती अधिकारी, जनसंपर्क अधिकारी. तिघांची कामं वेगळी, पाट्या मात्र सख्ख्या भावंडांसारख्या.

एकदा करवीर तालुक्यातले एक अण्णा दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावलेला अर्ज घेऊन आमच्याकडे आले. सातबाऱ्यावरच्या फेरफाराची माहिती हवी होती. मी म्हटलं, अण्णा, हे तलाठ्याकडं मागा, आम्ही पेपरला बातम्या देतो. ते म्हणाले, ‘मग पाटीवर तसं लिवा की, बातमी कार्यालय.’ आजतागायत मला याचं उत्तर सुचलेलं नाही.

आणि एक. जुनं सरकार संपर्क वगैरे करत नव्हतं, जाहीर करायचं. शाहू महाराजांचा पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम २६ जुलै १९०२ ला करवीर गॅझेटात छापला गेला. गॅझेट न वाचणाऱ्यांसाठी दवंडी होतीच. हुकूम, जाहीरनामा, दवंडी या शब्दांत समोरच्यानं उलट बोलायची सोयच नाही. जनसंपर्कात निदान कागदोपत्री तरी आहे.

पेठेतला ॲडमिन:
मॅडम, त्यो मागच्या बाकावरचा मी नव्हं, पण असू शकलो असतो. 😀 ‘डिजिटल’ राहिलं की तुमचं. आमच्याकडं डिजिटल म्हंजे फ्लेक्स. ‘वाढदिवसाचं डिजिटल लागलं का?’ असं इचारत्यात. तुम्ही डिजिटल मीडियावर निबंध घातला तर निम्मा वर्ग चौकातल्या बोर्डावर लिहून येईल, आणि बोर्डावर फोटो कुणाचा मोठा, कुणाचा बारका, यावर दोन पानं जादा लिहील.

मी तालमीच्या फुटबॉल टीमचं पेज बघतो. हे ‘बघतो’ म्हंजेच तुमचं सोशल मीडिया मॅनेजमेंट. पोस्ट ‘सोडायची’, मेसेज ‘फिरवायचा’, फोटो ‘स्टेटसला ठेवायचा’. नामं इंग्लिश, क्रियापदं आमची. शब्द कशाला शोधताय?

दोन टिंबं:
@पेठेतला ॲडमिन, हे लाखातलं बोललात. ‘सोडणे’ खास आहे. पाणी सोडतात, वळू सोडतात, पुडी सोडतात, पोस्टही सोडतात. चारही वेळा नंतर आवरणं हातात नसतं.

रंकाळ्याची हवा:
पाणी सोडण्यावरून आठवलं. मागच्या आठवड्यात वर्गात एक काम दिलं होतं: पुराचा इशारा देणारा व्हॉट्सॲप मेसेज लिहा. बहुतेकांनी असं लिहिलं:

‘राधानगरी धरणाचा स्वयंचलित दरवाजा उघडला असून भोगावती नदीपात्रात विसर्ग सुरू आहे. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’

व्याकरण शुद्ध, सूर सरकारी. प्रयाग चिखलीचा एक मुलगा आहे, तो उठून म्हणाला, ‘मॅडम, सतर्क राहावे म्हणजे नेमकं काय करावे?’ वर्ग गप्प. त्याच्या घरात २०१९ ला पाणी शिरलं होतं. त्यानं लिहिलेला मेसेज असा:

‘राधानगरीचं एक दार उघडलंय. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. आपण ४३ ची वाट बघायची नाही. ३९ झालं की जनावरं सोडवून वर न्या, म्हातारी माणसं आधी. कागदपत्रं पिशवीत.’

शिवाय म्हणाला, आमच्या आज्जीला विसर्ग म्हणजे काय ठाऊक नाही, आणि ठाऊक असता तरी तिनं दोन टिंबंच शोधली असती. (दोन टिंबं, तुमचं नाव निघालं वर्गात.) क्युसेकही तसंच. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण अठ्ठावीस लिटर, असं सांगितलं की बायका लगेच घागरींचा हिशोब करतात.

मग वाद झाला की यातला जनसंपर्क कुठला. काहींचं मत, पहिला. दुसरा नुसता निरोप आहे. मला दुसरा वाटतो. पहिल्या मेसेजमध्ये पाठवणाऱ्याची जबाबदारी संपते, दुसऱ्यात ऐकणाऱ्याचं काम सुरू होतं. ती प्लास्टिकच्या खुर्च्यांवरची माणसं हेच मागायला येतात, ‘आता मी काय करू ते सांगा.’

दोन टिंबं:
मान्य. पण मग पुस्तकाशी तुमचं भांडण होणार. अमेरिकेत एडवर्ड बर्नेजनं १९२३ साली न्यूयॉर्क विद्यापीठात हा विषय शिकवायला घेतला. पहिल्या महायुद्धानंतर ‘प्रोपगंडा’ शब्दाला वास यायला लागला होता, म्हणून ‘पब्लिक रिलेशन्स’ असं सोवळं नाव चालवलं. म्हणजे तो शब्दच मुळात झाकण आहे. आपल्याकडे झाकणाची गरज पडली नाही, कारण ‘प्रचार’ अजून बदनाम नाही. आपण प्रचाराचा नारळ फोडतो! वाईट झाला तर वेगळा शब्द आहे, अपप्रचार.

जुना कारकून:
नारळ फोडतात, आणि प्रचार संपला की कार्यालयाची पाटी ‘प्रचार’वरून ‘जनसंपर्क’ होते. जागा तीच, खुर्च्या त्याच. रंगाऱ्याला विचारा.

रंकाळ्याची हवा:
काका, हे वर्गात सांगणार, तुमचं नाव न घेता.

माझं आता असं ठरलंय. पेपराच्या नावात ‘सोशल मीडिया’ तसाच ठेवायचा, बातमी लिहिताना ‘समाजमाध्यमे’ चालेल. ‘जनसंपर्क’ला पर्याय शोधत नाही. उलट पुढच्या शनिवारी अख्ख्या वर्गाला दोन-दोनच्या जोड्या करून गल्लीतल्या जनसंपर्क कार्यालयांत बसवणार आहे. कोण आलं, काय मागितलं, काय उत्तर मिळालं, एवढंच वहीत लिहायचं. व्याख्या त्यानंतर.

पेठेतला ॲडमिन:
शनिवारी सायेब मुंबईला असत्यात. शुक्रवार धरा.
आन् त्या पोरीला किती दिलं शेवटी?

रंकाळ्याची हवा:
पाचपैकी साडेतीन. अर्धा वधू-वर मेळाव्याचा.