मदत हवी आहे: म्हैसूरचं प्राणिसंग्रहालय आणि आईचे गुडघे

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आईला घेऊन कोल्हापूरहून गाडीने म्हैसूरला जातोय, वाटेत चित्रदुर्गला मुक्काम. तिला राजवाड्यापेक्षा १८९२ सालचं ते प्राणिसंग्रहालय बघायचंय, त्यातही गोरिला. पण आवार दीडशे एकरांहून मोठं आणि तिचे गुडघे जिना बघूनच कुरकुरतात. गेल्या वर्षी एका ठिकाणी अर्ध्या वाटेत चपला काढून बाकावर बसली. म्हणाली, "तू बघून ये, मला फोटो दाखव." वाघ दिसला, पण मजा गेली.

मंगळवारी बंद असतं, ते ठाऊक आहे. बॅटरीच्या गाडीचं तिकीट दारातच मिळतं का? ती मध्ये उतरू देते, की नुसती फिरवून आणते? व्हीलचेअर घरून न्यावी का? आणि हो, आत चहा मिळतो ना? चहाशिवाय आमची स्वारी हलत नाही.