डोंगल कोणाच्या खिशात?

ग्रामपंचायतीत बायकांना 50 टक्के आरक्षण आलं, बायका सरपंच झाल्या, आता अजून कोणता बदल पाहिजे, असं लोक विचारतात. नागपूर जिल्ह्यातली कोणतीही ग्रामपंचायत घ्या आणि आधी एकच गोष्ट बघा: सरपंचबाईंच्या डिजिटल सहीचं डोंगल (कॉम्प्युटरला लावायची छोटी यूएसबी की) अन् त्याचा पिन कोणाजवळ आहे? निधीचं पेमेंट ग्रामसेवक भरतो, सरपंचाच्या सहीनं ते पुढं जातं. डोंगल नवऱ्याच्या खिशात किंवा पंचायतीच्या कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये असेल, तर बाईंना खर्च कळतो तो झाल्यावर.

ग्रामसभेचंही तसंच. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100, जे कमी असेल ते. तेवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही! मग चार टाळकी बसून ठराव करतात, रजिस्टर सह्यांसाठी घरोघरी फिरतं. म्हणून ग्रामसभेआधीची महिला सभा खरोखर घ्यावी, ठराव तिथंच लिहून वाचून घ्यावेत, सह्यांखाली रेघ मारून पानाचा फोटो काढावा.

हक्क असून हातात काही नाही, हे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानंही पाहिलं. त्याला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर गावाचा हक्क, 2009 मध्ये मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागे, अन् त्या परवान्यांचं पुस्तक वनखात्याकडं. एप्रिल 2011 मध्ये ते ग्रामसभेच्या हाती आलं, तेव्हा कुठं बांबूचा व्यवहार गावाच्या हातात आला. जवळपास दोन वर्षं हक्क होता, पण कागदावर.