मन डळमळतं तेव्हा तुम्ही काय करता? (अनुभव लिहा)

राजहंसगड
आज पहाटे बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चालायला गेलो होतो. हौसेनं नाही, शुगर निघाल्यापासून डॉक्टरांनी पाठवलंय. तिथं फौजेच्या भरतीची पोरं पळत होती. एक पोरगं कडेला गुडघ्यात डोकं घालून बसलेलं, आणि दुसरं त्याच्या बुटाची नाडी बांधत होतं. स्वतःच्या नाही, त्याच्या. तोंडानं अक्षर नाही. नाडी झाली, दंडाला धरून उठवलं आणि दोघं परत सुटली. माझं चालणं तिथंच थांबलं.

1998 ची गोष्ट. मी आणि माझा मावसभाऊ येळ्ळुरातून पहाटे साडेचारला निघून गडाच्या पायथ्यापर्यंत पळायचो. घड्याळ एकच, पट्टा तुटलेलं, ते मुठीत धरून पळायचं. पहिल्या भरतीत मी 1600 मीटरलाच गेलो. दुसऱ्या वेळी छाती. पाहिजे 77, फुगवून 82. माझी 75 वरनं हलेना. टेप लावणारा म्हणाला, "पोरा, घरात जेवायला घालत्यात का नाही?" सगळी रांग हसली. ते हसू लई दिवस कानात होतं.

तोवर मावसभाऊ गोव्याला हॉटेलात लागला. दिवाळीला गॉगल लावून आला. "चल की, पगार आणि दोन वेळचं जेवण." मी रात्री पिशवी भरली. घरात कुणाला काही बोललो नाही. पहाटे आईनं नेहमीसारखी भिजवलेल्या हरभऱ्याची वाटी आणून उशाशी ठेवली. तिला काय माहीत मी पळणं सोडलंय म्हणून. आता हरभरे खाल्ले आणि पळायला गेलो नाही तर कसं दिसेल, म्हणून गेलो. एवढंच कारण.

तिसऱ्या भरतीत ग्राऊंड निघालं, छाती निघाली आणि मेडिकलला कानाच्या पडद्यात दोष निघाला. संपलं. आज माझी पिठाची गिरणी आहे, फौज नाही.

तुमचं असं कधी झालंय काय? सगळं सोडून द्यावंसं वाटलं आणि तरी सोडलं नाही, किंवा सोडलंच. यशाच्याच गोष्टी लिहा असं काही नाही.

खानापूरची सून
हरभऱ्याचं वाचून गळा दाटला बघा. माझंही आहे एक, कुकर लावलाय, नंतर लिहिते.

निपाणीकर
आमच्या गावात तंबाखू सोडणं म्हणजे मासळी बाजारात राहून मासे सोडणं. वास हवेतच आहे वो. वडील वखारीत कामाला, आई विड्या वळायची, मी नववीपासून मळतोय.

सोडली ती 2019 ला. तोंड उघडेना पुरतं. डॉक्टरनी दोन बोटं घालायला सांगितली, एकच गेलं. दुसऱ्या दिवसापासून बंद.
पहिले तीन दिवस बायकोला विचारा. चहात साखर कमी म्हणून कप आपटला. हेल्पलाईन आहे सरकारची, 1800-11-2356, फुकट आहे, तिथल्या बाईंनी सांगितलं की तलफ येते ती पाचेक मिनिटंच जोरात असते, मग उतरते. तेवढी मिनिटं काढा, काहीही करा. मी मोटारसायकल पुसायचो. सहा महिन्यांत गाडीचा रंग गेला.
खरी परीक्षा पारावर. बाजूचा चुना लावून मळायला लागला की माझा अंगठा आपोआप हलायचा. हातात काही नाही आणि अंगठा तळव्यावर फिरतोय. पोरगं बघून म्हणालं, पप्पा काय पुसूलालाय?
मध्ये दोनदा खाल्ली. एकदा मेव्हण्याच्या लग्नात, एकदा कोविडात. लपवत नाही.

गणपत गल्ली
@निपाणीकर आमचे हे म्हणतात, 1892 ला विवेकानंद बेळगावात भाटे वकिलांच्या घरी उतरले तेव्हा त्यांनीही पान-सुपारी आणि तंबाखू मागितली होती, मग मला का बोलतेस? आता यावर काय उत्तर द्यायचं सांगा.

निपाणीकर
वहिनी, त्यांना म्हणावं आधी शिकागोला जाऊन भाषण करून या, मग मळा 😂

गणपत गल्ली
हे वाचून दाखवलं. जेवले नाहीत अजून.

कारकून_बेळगाव
माझं वेगळंच. मराठी माध्यम, नोकरी लागली, खात्याची कन्नड परीक्षा पास व्हायची. शाळेत कन्नड होतं पण पासापुरतं. पहिल्या वेळी नापास. एकदा साहेबांसमोर फाईल मागताना मी ‘कोडु’ लांबवून ‘कोऽडु’ म्हणाले. कोडु म्हणजे दे, कोऽडु म्हणजे शिंग. आपल्याला ए-ओ ऱ्हस्व-दीर्घ हा भेदच माहीत नाही, त्यांच्यात सगळा खेळ तिथंच. ऑफिसात दोन महिने मला शिंग म्हणत होते. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता, खोटं नाही सांगत.

आमचे शिपाईमामा सवदत्तीचे. ते म्हणाले, पुस्तक मिटा, बस स्टँडवर उभं राहा. रोज संध्याकाळी सीबीटीला माझी बस यायच्या आधी मी दुसऱ्यांच्या बसच्या पाट्या वाचत बसायची. बैलहोंगल, रायबाग, गोकाक. सौंदत्ती शोधत होते तर पाटीवर सवदत्ती. दोन-तीनदा माझीच बस चुकली वाचता वाचता. पण अक्षरं बसली. राजीनाम्याचा कागद कुठं गेला आठवत नाही.

टिळकवाडी_दुसरं_गेट
सीबीटीवरनं आठवलं, सकाळी लवकर चोर्लामार्गे पणजीला बस आहे काय आता? भाचीला जायचंय.

कारकून_बेळगाव
आहेत, पण पावसात घाटातून की अनमोडवरनं नेतात ते स्टँडवर विचारून घ्या.

अग्निवीर_लोडिंग
राजहंसगड काका, मी व्हॅक्सिन डेपोतलाच. तो बसलेला मी नव्हतो पण असतो कधी कधी. साडेपाच मिनिटांच्या आत 1600 आलं तर 60 मार्क आणि 10 बीमचे (दांड्याला लटकून वर ओढायचं) 40. माझे बीम होतात. पळण्यात शेवटच्या राऊंडला छातीत आग होते आणि डोक्यात एकच, अरे तुझ्यानं होणार नाही. वय वीस झालंय, मर्यादा जवळ आलीय. लागलो तरी नोकरी चार वर्षंच, घरात आज्जी रोज विचारते मग पुढं काय. मित्र उद्यमबागला फौंड्रीत लागलेत, शनिवारी ढाब्यावर बोलावतात. गेलो की रविवारचं ग्राऊंड मेलं. मी शनिवारी फोन आईकडे देतो. आई रील बघत बसते 😅

साखरझोप
शुगरवाल्यांची हजेरी. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती टेस्ट 8.9 आली. बेळगावात राहून कुंदा सोडायचा! आमच्याकडे पाहुणा येताना कुंदा, जाताना कुंदा. बायको डबा फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीमागे लपवते, मला तो लगेच दिसतो, कोथिंबीर मात्र सांगूनही सापडत नाही. रात्री फ्रीजचा दिवा लागू नये म्हणून दाराचं बटण बोटानं दाबून धरून चमच्यानं खाल्लाय. दुसऱ्या दिवशी पहाटे काँग्रेस रोडवर दोन फेऱ्या जास्त. हिशोब जमत नाही, माहिताय. आता 7.6 आहे. डबा अजून येतो.

गणपत गल्ली
फ्रीजचं बटण 🤣 हे नवीन शिकले, आमच्या ह्यांना सांगणार नाही.

तानपुरा
58 व्या वर्षी गाणं शिकूलालोय. सुनेच्या मैत्रिणी आल्या की दार लावून घेतो. सा लागत नाही त्या दिवशी सुळेभावीकडे एक चक्कर मारतो. कुमार गंधर्वांचं जन्मगाव, 1924. क्षयानं त्यांचं गाणं काही वर्षं बंद पडलं होतं, त्यातनं ते परत उभे राहिले. माझी काय बरोबरी वो, मला साधी सर्दी आहे.

खानापूरची सून
आले. भात करपला, जाऊ दे.

दहावीत गणितात गेले आणि लग्न झालं. चौदा वर्षांनी अंगणवाडीच्या जागेसाठी दहावी पाहिजे म्हणून बाहेरून फॉर्म भरला. शिकवायला माझाच मुलगा, सातवीतला. तो छडी घेऊन बसायचा, खरोखर. सासूबाई म्हणायच्या, आता गणित शिकून काय भाकरी गोल होणार काय?
पेपरच्या दिवशी धो धो पाऊस. सेंटरला गेले तर दारावरच्या सरांनी अडवलं, "पालकांनी गेटबाहेर थांबायचं." मी हॉलतिकीट दाखवलं. ते कधी फोटोकडे बघतात, कधी माझ्याकडे. मागं पोरी हसल्या. त्या क्षणी वळून घरी जावं असं वाटलं, पाय वळलेही. पण छत्री मुलगा घेऊन गेला होता. भिजत कुठं जायचं, म्हणून आत गेले.
625 पैकी 291. गणितात 38. भाकरी अजूनही गोल होत नाही.

साखरझोप
ताई, अंगणवाडीचं काय झालं?

खानापूरची सून
जागा दुसरीला मिळाली. परत निघतील तेव्हा बघू.

राजहंसगड
सगळ्यांचं वाचलं, गिरणीत गर्दी होती. @अग्निवीर_लोडिंग, उद्या ग्राऊंडला आहेस काय? भिजवलेले हरभरे घेऊन येतो. शेवटच्या राऊंडला कडेला उभा राहतो, घड्याळ मी धरीन.

अग्निवीर_लोडिंग
काका उद्या सुट्टी. परवा पाचला या. आणि हरभरे नको वो, सगळे तेच देत्यात. केळी आणा.